पोशीचं दूध

आमच्या पाड्यात तेव्हा गाईचं दूध काढत नसत. दूध वासराचं, माणसानं त्यात तोंड घालायचं नाही, एवढी साधी समजूत. मी शाळेत शिकवत होते तेव्हा तपासणीला आलेल्या एका साहेबांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "म्हणजे दारात गाय आणि घरात पोर उपाशी?" हो साहेब, अगदी तसंच. आणि सूर्यमाळच्या डोंगरावर वैशाखातली गाय पाहिली असतीत तर हसला नसतात. तिचं तिच्या वासरालाच पुरत नव्हतं.

ते उपाशी पोर म्हणजे माझी आजी, सकू. पण मला सांगायचंय ते सकूच्या आजीबद्दल, रामीबद्दल. तिचं नाव आमच्या घरात कोणी काढत नसे. आजीनं काढलं तेही म्हातारपणी, आणि सांगताना ती अशी चिडायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच हातून काहीतरी घडलंय. तिच्याकडून भावांना शेत मिळालं, मला हा राग मिळाला.

जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं. मोठ्या तापाची साथ येऊन गेली त्याला तीन वर्षं झाली होती. त्या साथीत रामीचा नवरा गेला आणि अंगावर पिणारं शेवटचं पोरही गेलं. सात बाळंतपणांतून उरला एकटा माघ्या. रामीचं वय तिलाच ठाऊक नव्हतं. चाळिशीच्या जरा अलीकडे-पलीकडे असेल. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. दसऱ्याला जव्हारला लाकडं पोचवायची वेठ असे. डोक्यावर मोळी घेऊन बारा कोस चालायचं आणि रिकाम्या पोटी परत यायचं. त्या वाटेवर रामी मोळ्या मोजणाऱ्या कारकुनाची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. माघ्याचं लग्न झालं, पोशी सून म्हणून आली. सासू-सुनेचं भांडण रोज व्हायचं आणि रोज मिटायचं.

त्यांची पोर सकू चार महिन्यांची असताना राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. वारा पडलेला बघून पेटवायचं आणि हातात ओल्या डहाळ्या घेऊन कडेनं उभं राहायचं, म्हणजे आग रानात शिरत नाही. त्या दिवशी कडेला पोशी होती. वारा फिरला. तिचं लुगडं पेटलं आणि ते तिनं स्वतःच्या हातांनी विझवलं. मांड्या, पोट आणि दोन्ही हात भाजले. छाती तेवढी वाचली.

पाड्याचा भगत ढवळू. देवाशी बोलणं त्याचं, दुखणं-खुपणं बघणंही त्याचंच. त्यानं अंगारा लावला आणि सांगितलं, राब पेटवण्याआधी देवाला कोंबडा दिला नाही म्हणून हे झालं. कोंबडा दिला. पाचव्या दिवशी जखमांत पू झाला आणि पोशी तापानं बरळू लागली. ढवळू नवा अंगारा घेऊन आला तेव्हा रामी दारात आडवी उभी राहिली.

"पुरे झाला तुझा अंगारा, ढवळूबाबा. हिला आम्ही जव्हारच्या दवाखान्यात नेतो."

अस्वलानं खांदा फाडलेला एक माणूस तिथल्या डॉक्टरनं शिवून बरा केलेला रामीनं वेठीला गेली असताना पाहिला होता. ढवळूशी असं कोणी बोलत नसे. तो अंगारा तसाच मुठीत घेऊन परत गेला. माघ्यानं आणि पाड्यातल्या तिघांनी बांबूला कांबळं बांधलं, त्यात पोशीला घातलं. पोशीची आई सोबत निघाली.

तापातही पोशी एकच बोलत होती, "माझी पोर द्या. छाती फुटते माझी."

पोर दिली नाही. आगीत सापडलेल्या बाईचं दूध भाजतं, ते पोराच्या पोटात गेलं तर आतून फोड येतात, असं आमच्याकडे पक्कं मानत. म्हाताऱ्या बाया तेच म्हणाल्या आणि रामीही तेच म्हणाली. ती काही देवी नव्हती. पाड्यातल्या चारचौघींसारखीच तिची समजूत. पोर पोटाशी धरून ती झोळीपासून लांब उभी राहिली, पोशीला ती दिसू नये म्हणून. पुढचं सगळं त्या एका चुकीतून झालं, हे मी आज सांगू शकते. तिला सांगणारं कोण होतं?

पाड्यात अंगावर पाजणारी दुसरी एकच होती, शेजारची चैती. तिनं दोन दिवस सकूला पाजलं. तिसऱ्या दिवशी चैतीची सासू आडवी आली. "माझा नातू मरंल ना गं," म्हणाली. चैती स्वतः दिवसातून एकदा नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज पीत होती. तिच्यात दोघांपुरतं कुठून येणार? रामीनं वाद घातला नाही, आणि वाद न घालणारी रामी पाड्यानं पहिल्यांदाच पाहिली.

मग पेजेचं वरचं पाणी, कापडाच्या बोळ्यानं. सकूला हगवण लागली. चार-पाच दिवसांत तिची टाळू खोल गेली आणि रडण्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा झाला.

उन्हाळ्यात आमचं पाणी ओहोळाच्या तळाशी खणलेल्या खड्ड्यात. एक हंडा भरायला अर्धा दिवस जातो. बाया खड्ड्याभोवती बसून वाटीवाटीनं पाणी उपसतात. रामी पोर घेऊनच तिथे बसायची. एका दुपारी सकू रडायचीही थांबली तेव्हा रामी घाबरली आणि आपली सुकलेली छाती तिच्या तोंडात दिली. पोर चुरूचुरू ओढू लागली. बायांना हसू आलं.

"रामे, काय पाजतेस गं? वारा?"

"तुझी अक्कल पाजते," रामी म्हणाली. "तिच्यातबी काय निघत नाय."

हसणं तिथंच संपलं, पण पोर सोडेना. तोंडात काही असलं की ती शांत राहते हे रामीला कळलं. मग घरी, शेतात, पाण्यावर, सारखीच ती छातीला लावलेली. वरून बोळ्यानं पेजेचं पाणी चालूच. पोशीला नेल्याला अकरा दिवस झाले असतील, पाण्याच्या खड्ड्याजवळ सकूनं तोंड बाजूला केलं आणि तिच्या ओठांवर पांढरं दिसलं. रामीनं दाबून पाहिलं. दूध होतं.

तिला आनंद झाला असं मला वाटायचं. आजीनं माझी चूक सुधारली. रामी भ्याली. नवरा मेलेली, पोरं होण्याचं वय सरत आलेली बाई, आणि तिच्या छातीत दूध? तिनं पदर ओढून घेतला आणि आजूबाजूला पाहिलं. चैतीनं बघितलं होतं. चैती काही बोलली नाही, पण दूध काही लपवायची वस्तू नाही. आठवड्यात सकूची हगवण थांबली, गाल भरू लागले, आणि सगळ्या पाड्याला कळायचं ते कळलं.

त्याच सुमाराला माघ्या जव्हारहून शिधा न्यायला आला. डॉक्टरनं सुरुवातीलाच सांगितलं होतं: पोर घेऊन या, भाजलेल्या आईचं दूध चांगलंच असतं, आणि आणता येत नसेल तर पिळून काढत राहा, नाहीतर आटेल. पोशीचे हात पट्ट्यांत बांधलेले. तिच्या आईनं थोडे दिवस पिळून काढलं, पण पोटावरच्या जखमेला हात लागला की पोशी किंचाळायची, मग राहिलं. दूध गेलं आणि ताप पुन्हा चढला. माघ्या हे सगळं अंगणात उभा राहून सांगत होता आणि बोलता बोलता थांबला, कारण समोर त्याची आई त्याच्या पोरीला पाजत होती.

"पोशीचं कधी गेलं?" कोणीतरी विचारलं.

माघ्यानं बोटांवर दिवस मोजले. बायांनी त्यांच्या बोटांवर मोजले. जवळजवळ एकच दिवस निघाला.

आमच्याकडे भुताळी म्हणतात. दुसऱ्याच्या अंगातलं रक्त, बळ, दूध, लांब बसून ओढून घेणारी बाई. ती ओळखायची कशी, तर एकीकडचं गेलं आणि तिच्याकडे आलं की ओळखायचं. रामीच्या बाबतीत तर ओळखायलाही काही उरलं नव्हतं. ढवळूनं कौल घ्यायला सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिले, पण ते नुसतं रीतीपुरतं. अंगारा नाकारल्याचं तो विसरला नव्हता, हे खरं. पण तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच तसं दिसत होतं, आणि मला जास्त चीड त्याचीच येते.

"आज दूध गेलं," ढवळू म्हणाला. "उद्या रगत जाईल. ही पाजत राहिली तर पोशी मरंल."

सगळा पाडा जमला होता. भुताळीला झाडाला बांधून मारत, मिरच्यांची धुरी देत. रामीनं ते लहानपणी पाहिलं होतं. माघ्या आईसमोर बसला. त्याला बायकोही हवी होती आणि पोरही.

"आये, सोड तिला. नको पाजू."

"मंग काय देशील तिला?"

माघ्यानं दारातल्या पेजेच्या वाटीकडे पाहिलं.

"सांग ना. काय देशील? पेज? पेजेनं काय झालं ते मी धुतलंय."

ढवळू पुढे आला. रामी उठली, पोर तशीच छातीला लावलेली. आणि जे बोलली ते आमच्या पाड्यात त्याआधी कोणती बाई बोलली नव्हती.

"बरं. मी घेतलं पोशीचं दूध. भुताळी हाय मी. कबूल."

माणसं मागे सरली. अशी कबुली मार खाल्ल्यावर निघते, आपण होऊन कोणी देत नाही.

"आता तुम्ही सांगा," रामी म्हणाली. "हे दूध कोणाचं? माझं तर नाय ना? पोशीचं. मंग पोशीचं दूध पोशीची लेक पिते. ते तिच्या तोंडातून काढायचा हक तुम्हाला कोणी दिला? वासराचं तरी वासराला ठेवता ना?"

ढवळूनं सुपातले दाणे पुन्हा चाळवले. तिनं त्याच्याच दाण्यांनी त्याला अडवलं होतं. शेवटी बोली ठरली. रामीनं देवाच्या नावानं पाणी सोडायचं, की यापुढे पोशीच्या अंगातलं काही घेणार नाही, आहे तेवढं पोरीला फेडेल. पोशी परत आली की पोर तिच्या हवाली करायची. त्यानंतर ओहोळाच्या पलीकडे राहायचं, पाड्यात पाय टाकायचा नाही, आणि त्या पोरीला पुन्हा कधी शिवायचं नाही. रामीनं पाणी सोडलं. मार वाचला, पोर वाचली.

ओहोळापलीकडची झोपडी माघ्यानं बांधली. कारवीच्या काठ्यांचा कूड त्यानं उभा केला, आणि रामीनं पोर पाठीला बांधून तो शेणानं लिंपला. आपलं घर लिंपताना ती गात असे. या वेळी गायली की नाही, आजीला माहीत नव्हतं. ती पाठीवर झोपली असणार.

पोशीचा ताप उतरला. ढवळूचा मान अर्थातच वाढला. दोन महिन्यांनी पोशी परत आली ती बोटं आखडलेली, मांडीची कातडी ओढल्यामुळे लंगडत. सकू सहा महिन्यांची, चांगली गुटगुटीत झालेली. पोशीनं हात पुढे केले तर ती रडून रामीच्या पदरात शिरली. रामीनं तिला ओढून काढलं, पोशीच्या मांडीवर ठेवलं, आपला हंडा उचलला आणि ओहोळ ओलांडून गेली. पोर दिवसभर रडली. आवाज ओहोळापलीकडे जात होता. चैती म्हणायची, रामी दारात बसून छाती पिळत होती आणि दूध उंबराच्या मुळाशी घालत होती.

पोशीनं सासूला दोष दिलेला कोणी ऐकला नाही. पण तिनं पोरीला शिकवलं, रामीच्या झोपडीवरून जाताना डाव्या बाजूला तीनदा थुंकायचं आणि मागे बघायचं नाही. रानात जायची वाट तिथूनच होती. सकू सहा-सात वर्षांची झाली तशी रोज थुंकत जाऊ लागली. तिच्यामागून दोन भाऊ झाले, त्यांच्या वेळी पोशीला दूध भरपूर आलं. ते का? तर रामी पाड्याबाहेर होती म्हणून. असं सगळं बरोबर जुळत गेलं.

माघ्या दर आठवड्याला ओहोळातल्या एका धोंड्यावर नागली ठेवायचा. आईशी बोलायचा नाही. रामी दाराशी बसलेली असायची. सकू थुंकली की म्हणायची, "नीट थुंक गं बाय. तीनदा थुंक." सकूला वाटायचं, म्हातारी चिडवते आहे. ती पळत सुटायची.

सकूचं लग्न झालं, पहिला मुलगा झाला. तो तीन महिन्यांचा असताना सकूला हिवताप आला. बारा-तेरा दिवस ती अंथरुणात होती, दूध पार आटलं. तिला माहेरी आणलं. ताप गेला, पण छाती कोरडी ती कोरडीच. पोर पेजेवर, आणि त्याला हगवण. शेजारची चैती आता म्हातारी झाली होती. ती येऊन बसली आणि म्हणाली, "लाव त्याला. दूध नसलं तरी लाव. ओढून ओढून येतं. रामीला तसंच आलं होतं, मी बघत होते."

"काय बघत होतीस?" सकूनं विचारलं. तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं कळलं. लहानपणापासून ती जिच्या दारात थुंकत आली होती, तिच्याच दुधावर ती जगली होती.

पोशी तिथेच चुलीपाशी होती. सकूनं तिच्याकडे पाहिलं. "मला काय ठाव?" पोशी म्हणाली. "माझं गेलं, एवढंच मला ठाव." आणि आखडलेल्या बोटांनी लाकडं पुढे सारत राहिली.

सकूनं पोराला छातीला लावून ठेवलं. नऊ-दहा दिवसांनी दूध आलं. दुसऱ्या दिवशी पोराला चैतीजवळ ठेवून ती ओहोळ ओलांडून गेली.

रामीचे डोळे तोवर गेले होते. दाराशी बसून ती चालण्याचा आवाज ऐकत होती.

"सकू ना?" ती म्हणाली. "आज थुंकली नाय?"

सकू जवळ जाऊन बसली, तशी रामी हात मागे घेऊन कुडाला टेकली. "लांब बस. तुला शिवायचं नाय. बोली हाय माझी."

मग सकूनं लांबूनच सांगितलं. आपलं दूध आटलं होतं. पोराला नुसतं लावून ठेवलं आणि ते आलं. "आजी, तू माझ्या आयेचं घेतलं नव्हतंस. पोर ओढतं म्हणून येतं. आयेचं आटलं ते पोर जवळ नव्हतं म्हणून."

रामीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. इतकी वर्षं सकूच्या आईला, आणि मला विचाराल तर सगळ्या पाड्याला वाटत होतं, की रामी भुताळी आहे. रामीनं ते पोर वाचवायला कबूल केलं, असं मी समजत होते. पण तिलाही ते तसंच वाटत होतं. दिवस तिनंही मोजले होते. सुनेचं दूध आपण चोरलं, तिचा जीव जाता जाता वाचला, हे मनात घेऊन ती अठरा वर्षं तिथे बसली होती. आपली नजरसुद्धा पोरीला लागू नये म्हणून नीट थुंक म्हणत होती.

"तुझं आलं तवा," रामीनं हळूच विचारलं, "कोणाचं आटलं नाय?"

"नाय."

"चैतीच्या सुनेचं? तिचं पोर दोन महिन्यांचं हाय."

"नाय, आजी."

"वरच्या घरच्या मंगळीचं?"

"नाय."

"पलीकडं सोम्याची बायको बाळंत झाली ती?"

अठरा वर्षं पाड्यात पाय न टाकलेल्या त्या आंधळ्या बाईला पाड्यातली प्रत्येक पाजणारी बाई माहीत होती. एकेकीचं नाव घेऊन तिनं विचारलं आणि सकूनं एकेकीला नाय म्हटलं. नावं संपली तेव्हा रामीनं पदर तोंडाशी धरला.

"नीट विचारून ये," ती म्हणाली. "घरोघर जाऊन विचार. मंग मला येऊन सांग."

सकू घरोघर गेली. लोक तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत होते, तरी तिनं प्रत्येक दारात उभं राहून विचारलं. एक घर ओहोळाच्या वरच्या अंगाला होतं, तिथली बाई रानात गेली होती, म्हणून एक दिवस जास्त लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सांगायला गेली तेव्हा झोपडीसमोर माघ्या उभा होता. नागली धोंड्यावर तशीच पडलेली पाहून तो अठरा वर्षांत पहिल्यांदा आईच्या दारापर्यंत आला होता.

रामी आत कुडाला टेकून बसलेली होती. अंग गार पडलं होतं. सकू तिच्यासमोर बसली आणि एकेका घराचं नाव घेऊन तिला सांगत राहिली, कोणाचंच आटलं नाही.